आधी पिशवी, मग सही

पुण्यात नोकरी लागल्यावर मी नक्की काय काम करते हे आईला फोनवर समजावून सांगणं फार अवघड जायचं. नागपूरहून ती विचारायची, "दिवसभर कॉम्प्युटरवर काय करून राहिली तू? प्रोग्राम लिहितेस का?"

मी म्हणायचे, "नाही, प्रोग्राम दुसरे लिहितात."

"मग तू काय करतेस?"

"प्रोग्राम वापरणारी माणसं आधीपासून काम कसं करतात, ते बघते आणि त्याचं चित्र काढते."

"आणि याचा पगार देतात?" ती विचारायची. चेष्टा म्हणून नाही, खरंच काळजीनं.

पगार देत होते, पण का देतोय हे देणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं. आमची कंपनी कर्वे रस्त्याजवळच्या एका बंगल्यात होती. स्वयंपाकघराच्या जागी सर्व्हर आणि गच्चीवर पत्र्याचं कॅन्टीन. साल दोन हजार तोंडावर आलं होतं, सालाचे दोनच आकडे धरणारे जुने प्रोग्राम दुरुस्त करायला अमेरिकेला माणसं हवी होती, आणि कंपनीतली निम्मी मुलं व्हिसाची वाट बघत खुर्च्या उबवत होती. उरलेल्या निम्म्यांकडून मॅनेजर स्थानिक कामं करून घ्यायचे. त्या कामांमध्ये मी.

माझं काम खरं तर साधं होतं. एखाद्या ठिकाणी जायचं, बसायचं, बघायचं. मग कागदावर सगळ्यात वर त्या माणसाला काय साधायचंय ते लिहायचं. त्याखाली त्या कामाचे तुकडे, तुकड्यांखाली आणखी बारीक तुकडे. कोणता आधी, कोणता नंतर, कोणते दोन एकदम चालतात, कोणता मध्येच सोडून पुन्हा धरता आला पाहिजे, हे सगळं खुणांनी दाखवायचं. याला टास्क मॉडेल म्हणतात. स्क्रीन याच्यावरून बेतायचे असतात. आणि स्क्रीन तयार झाले की हेच चित्र पुन्हा हातात घेऊन तपासायचं: चित्रातल्या प्रत्येक तुकड्याला स्क्रीनवर जागा आहे का, क्रम तोच आहे का. जिथे नाही, तिथे उद्या कोणीतरी अडकणार. कागदावर ते कळलं तर खोडरबरानं भागतं.

चित्र उलट्या झाडासारखं दिसायचं, म्हणून मॅनेजर रोज सकाळी विचारायचे, "काय मॅडम, झालं का वृक्षारोपण?"

ते वाईट नव्हते. पुण्याचेच, बोलण्यात तिरके, कामाला वाघ. पण त्यांचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता, डेमोवर आणि ग्राहकाच्या सहीवर.

पुण्याच्या तिरकेपणाची मला तोवर सवय झाली होती. आल्या आल्या नारायण पेठेत खोली बघायला गेले होते. घरमालकीणबाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली, नळाच्या वेळा सांगितल्या आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नागपूरकडचे तुम्ही." मग आत जाऊन आल्या आणि खोली पुतण्याला द्यायचं ठरलंय म्हणाल्या. पाणी मात्र पूर्ण पिऊन जा, असा आग्रह केला. आमचं घर बौद्ध. आडनावावरून माणूस ओळखण्यात आमच्या नागपूरचे लोकही कमी नाहीत, पण इतक्या शुद्ध मराठीत नकार मला पहिल्यांदाच मिळाला होता. शेवटी बिबवेवाडीत एका टेलरिंगच्या दुकानावर खोली मिळाली. खाली दिवसभर मशिनं चालायची, पण कोणी काही विचारलं नाही.

तर अशात कंपनीला एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीचं काम मिळालं. रक्ताच्या पिशव्यांची आवकजावक कॉम्प्युटरवर घ्यायची. मॅनेजरनी मला पाठवलं. "आठवडाभर झाडाखाली बसा आणि या."

रक्तपेढीच्या काउंटरवर एक टेक्निशियन बाई होत्या. चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, चष्मा दोरीनं गळ्यात. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कात्रजला प्राण्यांना बघायला तिकीट असतं. आमचं काय ठरलंय?"

मी म्हटलं, "तुमचं काम सोपं व्हावं म्हणून आलेय."

"वा. म्हणजे आता वाढणार," त्या म्हणाल्या.

काम कसं चालतं हे मी विचारलं, तर त्यांनी भिंतीवर लावलेली नियमावली जवळजवळ वाचूनच दाखवली. डॉक्टरांच्या सहीचं मागणीपत्र येतं, त्याबरोबर रुग्णाच्या रक्ताचा नमुना येतो, तो पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघायचा, जुळला की नोंद करायची, मग पिशवी द्यायची. सरळ रेघ. मी ती काढून घेतली आणि तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून रेघ वाकडी व्हायला लागली. शहरातल्या छोट्या प्रसूतिगृहांतून नातेवाईक धावत यायचे, हातात थर्मोकोलचा डबा आणि चुरगळलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गट असायचा, सही नसायची, कारण डॉक्टरांचे हात आत पेशंटमध्ये गुंतलेले. बाई फोन उचलून त्या डॉक्टरांशी बोलायच्या, नाव, गट, किती पिशव्या हे दोनदा वदवून घ्यायच्या, चिठ्ठीच्या मागे लिहायच्या आणि पिशवी द्यायच्या. सही संध्याकाळपर्यंत यायची. हे करता करता दुसरा फोन वाजायचा, तिसरा माणूस काचेवर टकटक करायचा. अर्धं लिहिलेलं बाजूला ठेवून त्या दुसऱ्याचं बघायच्या आणि परत येऊन पहिलं जिथे सोडलं तिथून धरायच्या.

मी माझ्या चित्रात एक नवी फांदी काढली: आणीबाणी. तोंडी परवानगी, आधी पिशवी, मग सही. आणि जवळपास प्रत्येक तुकड्याजवळ 'मध्येच सोडता आलं पाहिजे' ही खूण केली.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये मॅनेजरनी आणि मी ते चित्र टेबलावर पसरलं. त्या पांढऱ्या सुती साडीतल्या, शांत, अत्यंत नेटक्या. त्यांनी चष्म्याखालून सगळं बारकाईनं वाचलं. मला आशा वाटली. मग त्यांनी त्या फांदीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"तातडीच्या वेळी असं होतं," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

"आमच्याकडे असं होत नाही."

"मॅडम, मागच्या आठवड्यात—"

"आपण काय पाहिलंत हा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "हा कागद सांगतो की माझी माणसं सहीशिवाय रक्त देतात. उद्या परवान्याची तपासणी करणारे आले आणि हे त्यांच्या हाती पडलं, तर पेढीला कुलूप. मग त्या प्रसूतिगृहांनी कुठे जायचं?"

त्यांचं पूर्ण चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मी म्हटलं, "कागदावरून काढलं तरी काम तसंच होणार. फक्त कॉम्प्युटरला ते माहीत नसेल."

"कॉम्प्युटर त्यासाठीच तर घेतोय आपण," त्या म्हणाल्या. "शिस्त यावी म्हणून."

मॅनेजरनी खिशातून पेन काढून ती फांदी स्वतःच्या हातानं खोडली आणि उरलेल्यावर सही घेतली. जिना उतरताना मला म्हणाले, "मॅडम, ग्राहकाला आरसा नको असतो. फोटो हवा असतो. चांगला आलेला."

स्क्रीन बनवायला एक हुशार मुलगा होता. त्याच्यापुढे डेटाबेसची कोष्टकं होती, माझं चित्र नव्हतं. रुग्णाचं कोष्टक, म्हणून रुग्णाचा स्क्रीन. डॉक्टरांचं कोष्टक, म्हणून डॉक्टरांचा स्क्रीन. पहिला पूर्ण भरल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. मी त्याला विचारलं, "मध्येच फोन आला तर?"

तो म्हणाला, "फोन झाल्यावर परत भरायचं."

"पहिल्यापासून?"

"मग काय, अर्धवट डेटा घेऊ सिस्टिममध्ये?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी सगळ्या स्क्रीनच्या प्रिंट काढल्या, टेबलावर मांडल्या आणि चित्रातला एकेक तुकडा धरून त्यांच्यावरून चालत गेले. खोडलेली फांदीही धरून. अडकायच्या जागा ढीगभर निघाल्या. बाहेरच्या रुग्णाला आपल्या रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक नसतो, आणि स्क्रीन त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. सही आली का, याला 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरं. 'नाही' म्हटलं की सगळं पुसून पहिल्या स्क्रीनवर. मी रीतसर अहवाल केला, प्रत्येक जागेसमोर काय बदलायचं तेही लिहिलं.

मॅनेजरनी तो वाचला. खरंच वाचला, समासात खुणा केल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे. फेज टूमध्ये घेऊ."

"फेज टू कधी आहे?"

"फेज वन पास झाली की."

"पण यात अडकली तर ती पास कशी होणार?"

"मॅडम, तुम्ही फार विचार करता," ते म्हणाले, आणि अहवाल ड्रॉवरमध्ये गेला. पुढच्या पंधरवड्यात स्क्रीनवाल्या मुलाचा व्हिसा आला. सगळ्यांना पेढे वाटून तो गेला. बदल करायचे ठरले असते तरी करणारं आता कोणी नव्हतं.

रक्तपेढीत प्रोग्राम सुरू झाला त्या आठवड्यात मदतीला म्हणून मला तिथे बसवलं होतं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, एक माणूस धापा टाकत आला. बहिणीची प्रसूती झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. चिठ्ठीवर गट आणि प्रसूतिगृहाचा फोन, एवढंच.

टेक्निशियन बाईंनी एका हातानं फोन लावला आणि दुसऱ्या हातानं टाइप करायला घेतलं. नोंदणी क्रमांक. तो नव्हता. मी म्हटलं, "शून्यं टाका." शून्यं चालली. डॉक्टरांचा स्क्रीन आला. फोनवर डॉक्टर सांगत होते, द्या, लगेच द्या, सही पाठवतो. बाईंनी 'नाही' दाबलं. इंग्रजीत एक लाल वाक्य आलं आणि स्क्रीन कोरा झाला.

त्यांनी पुन्हा सगळं भरलं. पुन्हा कोरा झाला. काचेपलीकडचा माणूस डबा उघडून धरून उभा होता.

मी ऑफिसला फोन लावला. मॅनेजर म्हणाले, "तात्पुरतं 'हो' करायला सांगा ना. दोन मिनिटांचं काम."

मी रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आलेली नसताना सही आली असं मी लिहायचं? मग उद्या चौकशीला माझ्या शेजारच्या खुर्चीत आपण बसणार का?" आणि रिसीव्हर खाली ठेवला.

मग त्या उठल्या. रक्त जुळवून बघण्याइतका वेळ नव्हता, पण फोनवर गट पुन्हा वदवून घेतला, फ्रिज उघडला, पिशव्या काढल्या, चिठ्ठीच्या मागे नंबर लिहिले आणि डबा भरून त्या माणसाला दिला. तो पळत गेला. बाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, "ही तुमची वस्तू बंद करता येते का?"

बहीण वाचली. ते आम्हाला संध्याकाळी फोनवर कळलं.

पण कॉम्प्युटरच्या लेखी त्या पिशव्या अजून फ्रिजमध्येच होत्या. नोंद करायला सही लागणार होती, आणि सही येईपर्यंत बाईंची पाळी संपली. पुढच्या पाळीतल्या मुलीनं स्क्रीनवर दिसल्या म्हणून त्यातली एक पिशवी दुसऱ्या दिवशीच्या एका शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवली. सकाळी ती कुठेच सापडेना. पेशंट टेबलाशी नेऊन परत आणावा लागला. दुसरी पिशवी मिळवून दुपारी शस्त्रक्रिया झाली, काही बिघडलं नाही, पण सर्जन भडकले. चौकशी बसली आणि बाईंना मेमो मिळाला. कारण: संगणकीय नोंदीशिवाय रक्त दिले.

त्या दिवशी त्यांनी मला काउंटरमागे बोलावलं. आवाज चढवला नाही. मेमो पुढे सरकवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही आठवडाभर माझ्या शेजारी बसून सगळं काढून नेलं होतंत. फोन, चिठ्ठी, सगळं. मी बघत होते तुम्ही लिहिताना. मग ते गेलं कुठे?"

मी खरं ते सांगितलं, फांदी काढली होती आणि ती खोडली गेली.

"कोणी?"

तेही सांगितलं. त्यांनी मेमोची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "छान. म्हणजे माझा गुन्हा आधी ठाऊक होता सगळ्यांना."

मी ऑफिसमध्ये कोणालाही न विचारता माझं मूळ चित्र आणि अहवाल घेऊन प्रमुख डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले. राग इतका होता की पाय थांबले नाहीत.

"हे चौकशीच्या कागदांना जोडा," मी म्हटलं. "त्यांनी जे केलं ते इथे रोज होतं. प्रोग्राममध्ये त्याला जागाच ठेवली नाही. यात त्यांचा काय दोष?"

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला नाही. "हा मान्य झालेला कागद नाही. मान्य झालेल्यावर ही फांदी नाही."

"ती तुम्हीच काढायला लावलीत."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा लावीन." मग थोड्या खालच्या आवाजात, "त्यांनी केलं ते बरोबरच केलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही पिशवी दिली असती. पण हे मी लिहून देऊ शकत नाही."

मी तिथेच उभी राहिले. कागद तसाच त्यांच्यापुढे धरलेला. त्या म्हणाल्या, "बसा. तुम्ही त्याला 'तोंडी परवानगी' म्हटलंत. तोंडी असं काही आमच्या नियमात नसतं. 'लेखी परवानगी प्रलंबित' असतं. तसं लिहून आणलंत तर मी बघेन."

"म्हणजे गोष्ट तीच, फक्त नाव वेगळं?"

"नियमात नावच असतं," त्या म्हणाल्या.

मी बिबवेवाडीच्या खोलीत बसून सगळं पुन्हा काढलं. फांदी तीच, शब्द त्यांचे. आधी पिशवी, नोंद लगेच, सही प्रलंबित, आणि सही येईपर्यंत ती नोंद पिवळी दिसत राहणार. त्या चित्रावर त्यांनी सही केली. ऑफिसमध्ये परत आले तर मॅनेजर माझी वाट बघत होते. परवानगीशिवाय ग्राहकाकडे गेले म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं. एक नवी सही हातात ठेवल्यावर मात्र त्यांनी आधी ती फाइलला लावली. प्रोग्राममध्ये 'सही प्रलंबित'चं नवं पिवळं बटण यायला पुढे अनेक महिने गेले. ते आलं तेव्हा शहरातल्या एका सभागृहात मॅनेजरनी त्याच्यावर भाषण दिलं, 'वापरणाऱ्याच्या नजरेतून' असं काहीतरी नाव देऊन. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. माझं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं होतं. काढलं कोणी, हे सांगायचं राहिलं.

टेक्निशियन बाईंच्या फाइलमधला मेमो निघाला नाही. मी रुग्णालयाला दोनदा पत्र दिलं, उत्तर आलं नाही. पुढे त्यांनी काउंटर सोडून रक्तदान शिबिरांच्या गाडीवर बदली मागून घेतली.

त्यानंतर साधारण वर्षभरानं मला त्या बिबवेवाडीच्या भाजीबाजारात भेटल्या. त्यांची बहीण तिथे राहायची. मी विचारलं, "पेढीत जाणं होतं का? ते पिवळं बटण चालतंय ना?"

"चालतंय? पळतंय," त्या म्हणाल्या. "सगळे तेच दाबतात. साध्या पेशंटलासुद्धा. त्यात कमी भरावं लागतं ना. सकाळी स्क्रीन उघडला की शेवंतीचं शेत."

"आणि सह्या?"

"येतात तेव्हा येतात. डॉक्टरांनाही कळलंय आता, नंतर चालतं म्हणून."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. साध्या मागणीचा रस्ताच इतका लांब केला होता की लोकांनी आणीबाणीचा आडरस्ता हमरस्ता करून टाकला होता. हे कळायला मोठी बुद्धी लागत नव्हती. पुन्हा एकदा तिथे जाऊन आठवडाभर बसलं असतं तर सगळं दिसलं असतं. मी तसं त्यांना म्हणालेही.

"मग या की," त्या म्हणाल्या. "स्टूल आहे अजून."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना सांगितलं की रक्तपेढीचं काम पुन्हा बघायला हवं, मला आठवडाभर पाठवा. त्यांनी विचारलं, "ग्राहकाची तक्रार आली का?"

"नाही. पण लोक ते चुकीच्या पद्धतीनं वापरताहेत."

"वापरताहेत ना?" ते म्हणाले. "मग झालं."

मी विषय महिनाभरानं पुन्हा काढला, त्यानंतरही काढला. तोवर कंपनी बंगला सोडून काचेच्या इमारतीत गेली होती, स्थानिक कामं बंद झाली होती आणि मला परदेशातल्या एका विमा कंपनीचे स्क्रीन तपासायला दिले होते. ते वापरणारा एकही माणूस मला कधी दिसला नाही. त्यांच्याकडून आलेल्या वर्णनावरून मी चित्रं काढत होते, आणि त्या वर्णनात सगळ्या रेघा सरळ होत्या.